कडेची जागा

वसंतरावांच्या घरातला अल्बम उघडला की चंद्रकला त्यात तुकड्यातुकड्यानं सापडायची. अंबाझरीच्या फोटोत तिचा उजवा कोपर होता. रामटेकच्या पायऱ्यांवर हिरव्या साडीचा पदर होता, आणि पदरामागे कोणीतरी असावं असा नुसता भास. तेलंखेडीच्या बगीच्यात ती अर्धी आली होती, बरोब्बर नाकापर्यंत. खिंडशीला तर फक्त तिच्या हातातली थैली. थैली मात्र झकास आली होती, तिच्यावरचं चहाच्या कंपनीचं नावसुद्धा वाचता येत होतं.

"आई, ही तू ना?" नऊ वर्षांची तारा कोपरावर बोट ठेवून विचारायची.

"हो."

"कशावरून वं?"

"बांगड्यांवरून."

दहा वर्षं हे असंच चाललं होतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी वसंतरावांनी कोणा मित्राच्या मस्कतच्या भावाकडून जपानी कॅमेरा मिळवला. त्यावर पन्नासची लेन्स होती. न जवळ आणणारी, न लांब नेणारी, डोळ्याला दिसतं तेवढंच दाखवणारी. वसंतराव सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन. अर्ध्या मिलिमीटरची चूक त्यांना पलीकडच्या टेबलावरून दिसायची. बायको फोटोत आली की नाही, हे मात्र फोटो धुऊन आल्यावरच कळायचं. "अरे, तू कटली वाटते," ते मनापासून हळहळून म्हणत. "पुढच्या खेपेला पाहू."

खरं तर चूक वसंतरावांची नव्हती आणि लेन्सचीही नव्हती. चूक अंतराची होती.

चंद्रकलेचे भासरे, म्हणजे वसंतरावांचे थोरले भाऊ बाबनराव, त्याच घरात राहत. महालातलं चार खोल्यांचं घर, दोन भाऊ, दोन जावा आणि सासू जिजाबाई. जिजाबाईंच्या राज्यात धाकट्या सुनेनं भासऱ्यांसमोर डोक्यावर पदर घ्यायचा, सावली पडू द्यायची नाही, आवाज ऐकू जाऊ द्यायचा नाही आणि काही सांगायचंच असलं तर तिसऱ्याच्या तोंडून सांगायचं. घरात हे जमून जाई. घराला दारं असतात, दारांना आडोसे असतात. बाबनराव आत येण्याआधी उंबऱ्यात तीनदा खोकत, की चंद्रकला स्वयंपाकघरात. त्या बिचाऱ्यांनाही हा नियम काही कमी जाचत नसे. एका गिलास पाण्यासाठी माणसाला घसा बसेपर्यंत खोकावं लागे.

पण बगीच्यात कुठला आलाय आडोसा? मग जिजाबाई मधे दगडावर बसत. त्यांच्या एका बाजूला बाबनराव आणि त्यांचे दोन कॉलेजात जाणारे लेक. दुसऱ्या बाजूला थोरली सून पुष्पलता, तिच्याजवळ तारा. त्यानंतर चांगली अडीच हातांची मोकळी जागा. आणि मग चंद्रकला, जशी काही शेजारच्या कुटुंबातली बाई चुकून इकडे आली आहे.

वसंतराव मोजायला सुरुवात करत ती भावाच्या बाजूनं. चंद्रकलेपर्यंत येता येता चौकट संपायची. मग ते मागे सरकत. मागे कधी करवंदीची जाळी असे, कधी भेळेची गाडी. तेलंखेडीला तर ते झेंडूच्या वाफ्यात बसलेच, आणि माळी धावून आला.

"पुरे झालं मांगं सरकणं!" जिजाबाई खेकसायच्या. "आमचे चेहरे का मुंगीएवढे काढते? माही नथ दिसली पाह्यजे."

नथ दिसायची. चंद्रकला जायची. "अजी, मी येते का त्यात?" एवढंच ओरडून विचारलं असतं तर काम झालं असतं, पण भासऱ्यांच्या देखत ओरडायचं कसं? ती आपली हसरा चेहरा करून त्या टोकाला उभी राही आणि तो हसरा चेहरा दहा वर्षं कुठल्याही फोटोत पोचला नाही.

चंद्रकलेनं हे हसून घालवलं होतं. एखादी बाई जाडी असते, एखादी काळी असते, तशी आपण कडेच्या आहोत, इतकंच. पण त्या साली दसऱ्याला ती उमरेडला माहेरी गेली आणि हसणं जरा अवघड झालं.

तिचे वडील नत्थूजी विणकर. घरात माग होता, आणि चंद्रकला चालायला लागल्यापासून कांड्या भरायला शिकली होती. मागाच्या वर भिंतीवर नत्थूजींनी तीन खिळे ठोकले होते, तीन लेकींचे. दोन खिळ्यांवर थोरल्या दोघींचे सासरच्या माणसांसकट फोटो. त्यातली सिंधूताई तर तिच्या म्हशीसकट. तिसरा खिळा रिकामा. चंद्रकलेचा लग्नातला फोटो होता, पण त्यात मुंडावळ्या इतक्या दाट आल्या होत्या की खाली कोण आहे ते देवालाच ठाऊक.

"बाई, लोक विचारतात," नत्थूजी म्हणाले. "तिसरीचं काही बिनसलं का म्हणून. तू पाठवला होता एक फोटो, त्यात तुहा कोपर होता. कोपर कसा टांगू मी?"

"पाठवीन बाबा, पुरा पाठवीन."

"मोतीबिंदू पिकून राहिला. त्याच्या आत पाठव. मंग मले कोपर काय अन् चेहरा काय."

ते हसत म्हणाले, पण म्हणताना त्या रिकाम्या खिळ्यावरची धूळ त्यांनी बोटानं पुसली. ते बोट चंद्रकला नागपूरपर्यंत सोबत घेऊन आली.

दिवाळीचा बोनस झाला तसा वसंतरावांच्या जुन्या दुखण्यानं उचल खाल्ली. त्यांना दुसरी लेन्स हवी होती. कोणती, ते मात्र ठरत नव्हतं. एकशेपस्तीसची घेतली तर तलावापलीकडचा बगळा हातात आल्यासारखा दिसेल. अठ्ठावीसची घेतली तर आख्खं रामटेक एका चौकटीत बसेल. मग दोन्ही घ्याव्या का? गेल्या वर्षी कचेरीतल्या मित्राच्या दोन लेन्सा मागून आणल्या होत्या. तारा झोपाळ्यावर उंच गेली की हे खाली बसून लेन्स बदलणार. लेन्स बदलून होईतो तारा उतरून कुल्फी खाऊन परत आलेली. रामटेकला लेन्सचं झाकण दगडावर ठेवलं ते एका वानरानं नेलं. जिजाबाईंनी त्याला केळं दाखवलं. त्यानं केळंही नेलं. आणि या सगळ्या लेन्सांची पिशवी खांद्याला लावून फिरत होती चंद्रकला.

"आवळीभोजनाले बगीच्यात जाऊ, त्याच्या आत घेऊन टाका," ती म्हणाली. "एकच घ्या. अन् मी येते सोबत."

"तू? लेन्स घ्यायला?"

"पिशवी कोण उचलते?"

वसंतरावांनी खुंटीवरची पिशवी काढून तिच्या हातात दिली.

सीताबर्डीच्या एका गल्लीत मनोहररावांचं फोटोच्या सामानाचं दुकान होतं. मनोहरराव म्हातारे, टकले, आणि गिऱ्हाइकाला काही विकण्याची मुळीच घाई नसलेले. वसंतरावांनी एकशेपस्तीसची मागितली. मनोहररावांनी ती काढून दिली आणि तिच्या बाजूला आणखी एक ठेवली, बुटकी, जाडी, पोटाला दोन कडी असलेली.

"ही पाहा. झूम. अठ्ठावीस ते पंच्याऐंशी. एका साहेबानं दुबईहून आणली अन् बदली झाली म्हणून इथं देऊन गेला. फॅमिली घेऊन फिरणाऱ्या माणसाले एवढी एकच पुरे."

"झूमले धार नसते," वसंतराव म्हणाले.

"धार कायले पाह्यजे? तुम्ही का दाढी करून राहिले?"

"अन् वजन?"

"ते ताईंले विचारा."

दोघांनी स्टुलावर बसलेल्या चंद्रकलेकडे पाहिलं. मनोहररावांनी लेन्स कॅमेऱ्याला लावून तो तिच्या हातात दिला. "पाहा ताई. हे कडं फिरवा."

चंद्रकलेनं कॅमेरा डोळ्याला लावला. दहा वर्षांत हा कॅमेरा तिनं शेकडो वेळा सांभाळला, पुसला, पोरांच्या हातून ओढून घेतला. त्यातून पाहिलं मात्र आज पहिल्यांदा. समोर गल्ली होती. पेरूवाला, त्याची टोपली, बाजूला सायकलरिक्षा, कापडाच्या दुकानाच्या पायऱ्या, पायऱ्यांवरच्या बाया. तिनं कडं फिरवलं आणि ते सगळं सरकत सरकत निघून गेलं. उरला एकटा पेरू, त्यावरच्या पोपटाच्या चोचीच्या खुणेसकट. उलटं फिरवलं, सगळे परत आले. पाय जागचा न हलवता. करवंदीच्या जाळीत न जाता.

"बाप्पा!" ती म्हणाली.

मग तिनं जे विचारलं ते तिच्या बापानं शिकवलेलं होतं. लुगडं पारखायचं तर पोटाकडं पाहू नये, नत्थूजी म्हणायचे. पोट सगळ्यांचंच बरं असतं. हात काठावर न्यावा. ताण कुठं जास्त झाला, विणकर कुठं कंटाळला, ते सारं काठ सांगतो.

"काठावर काय होते?" तिनं विचारलं.

मनोहररावांनी चष्मा कपाळावर चढवला. "म्हणजे कडेले? ताई, इतकी वर्षं धंदा करून राहिलो, हे कोणी विचारलं नाही मले. तो रिक्षावाला पाहा. आधी मधे घ्या."

रिक्षावाला खराट्याच्या काडीसारखा होता.

"आता कडं पुरं उलटं फिरवा, अठ्ठावीसवर. अन् त्याले सरकवत सरकवत कडेले न्या."

चंद्रकलेनं कॅमेरा हळूहळू वळवला. रिक्षावाला मधून निघाला, कडेकडे गेला, आणि जाता जाता त्यानं बाळसं धरलं. खांदे भरले. गाल वर आले. अगदी काठाशी पोचला तेव्हा तो दोन वेळ दूध पिणारा माणूस दिसत होता.

"माणूस गुटगुटीत होते," ती म्हणाली.

"होते थोडा. चौड्या लेन्सचं असंच राहते. कडेवरचं सगळं ओढल्या जाते."

"पाह्यलं?" वसंतराव विजयानं म्हणाले. "दोष आहे. मी म्हणत होतो न, एकशेपस्तीस."

चंद्रकला कॅमेरा डोळ्याला लावूनच बसली होती. पहिला विचार तिच्या मनात आला तो स्वतःचा. या लेन्सनं आपण पुऱ्या येऊ, पण जाड्या येऊ. बाबा म्हणतील, बाई सुजली का. आणि दुसरा विचार आला तो बाबनरावांचा.

बाबनरावांचं महालात सुपारीचं दुकान होतं, आणि अंगकाठी अडकित्त्यासारखी. खाल्लेलं अंगी लागायचं नाही. हिवाळाभर डिंकाचे लाडू, उन्हाळाभर ताक, शिवाय कोणा वैद्याचं काळं चाटण. सगळं आत जाऊन कुठे नाहीसं व्हायचं कोण जाणे. त्यात बायको पुष्पलता. दोघं शेजारी उभी राहिली की कपाटाला छत्री टेकवून ठेवल्यासारखं दिसे. फोटोच्या वेळी बाबनराव श्वास आत ओढून गाल फुगवत. दर फोटोत गाल फुगवलेली छत्री येई, आणि फोटो आले की ते एक नजर टाकून दुकानात निघून जात.

"हीच घ्या," चंद्रकला म्हणाली.

"दोष दिसल्यावर?"

"पिशवी हलकी होईन," ती म्हणाली आणि उठलीच.

पुढचं काम तिनं ताराच्या हातून केलं. नवी लेन्स आली की पहिला फोटो लक्ष्मीचा म्हणून दुकानाचा काढायचा, असं तारानं घरभर सांगितलं. मग तारानं असंही सांगितलं की दुकानाची पूर्ण पाटी आली पाहिजे, म्हणजे मोठ्या बाबांना, बाबनरावांना, अगदी कडेला उभं राहावं लागेल. वसंतरावांनी लेन्स अठ्ठावीसवर ठेवून तसा फोटो काढला. बाबनरावांनी सवयीनं गाल फुगवले.

रोल धुऊन आला त्या दिवशी बाबनरावांनी उंबऱ्यात तीनदा खोकून फोटो हातात घेतला, आणि चौथा खोकला घशातच राहिला. सुपारीच्या पोत्यांच्या कडेला एक भरल्या खांद्यांचा, चार माणसांना सल्ला देईल असा गृहस्थ उभा होता. त्यांनी फोटो उजेडात नेला. मग आरशाकडे पाहिलं. मग परत फोटोकडे.

"चाटण लागू पडून राहिलं वाटते," ते म्हणाले.

"हौ, फोटोतल्याले लागलं," पुष्पलता म्हणाली. "घरातल्याले अजून नाही."

पण बाबनरावांचं लक्ष नव्हतं. स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून ते म्हणाले, "तारे, तुह्या बाबाले सांग, लेन्स चांगली आहे." आत कढीला फोडणी देणाऱ्या बाईनं ते ऐकलं आणि जरा जास्तच हिंग टाकला.

आवळीभोजनाला तेलंखेडीच्या बगीच्यात ही गर्दी. आवळ्याचं झाड म्हणून एकही रिकामं नाही. प्रत्येकाच्या खाली एकेक कुटुंब, सतरंज्या, डबे, वांग्याच्या भाजीचे वास. पूजा झाली, भरीत-भाकरी झाली, आणि जिजाबाई नथ नीट करून दगडावर बसल्या. चंद्रकला तिच्या नेहमीच्या टोकाकडे निघाली. भासऱ्यांना काही सांगता येत नव्हतं. सगळं आता त्यांच्यावर होतं.

बाबनराव आईजवळ आले. थांबले. मग घसा खाकरून वसंतरावांना म्हणाले, "वसंता, त्या दुकानाच्या फोटोत मी कुठं होतो गा?"

"कडेले, दादा."

"हं." आणि ते लेकांना ओलांडून चालायला लागले.

"बाबन, कुठं चालला? माह्याजवळ राह्य ना!" जिजाबाई म्हणाल्या.

"नाही माय, मले इथंच बरं आहे. हवा लागते." त्यांनी दोन्ही लेकांना हातानं हाकललं. "तुम्ही का इथं गर्दी करून राहिले? जा तिकडच्या टोकाले. तारे, तू ये आजीजवळ."

लेक एका उडीत पलीकडच्या टोकाला, चंद्रकलेच्याही पुढे गेले. त्यांनीही दुकानाचा फोटो पाहिला होता आणि दोघेही बापावरच गेले होते. भासरे त्या काठाला गेले तशी अडीच हातांच्या जागेची गरजच उरली नाही. ताराची जागाही रिकामी झाली होती. पुष्पलतानं हात लांब करून चंद्रकलेला जवळ ओढलं.

"ये वं. अन् मले कडेले पाठवशीन तर याद राख. मी तशीच पुरेशी आहे." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "तुले सगळं माहीत होतं न?"

चंद्रकला आवळ्याच्या झाडाकडे पाहू लागली. "आवळे लय लागले यंदा," ती म्हणाली.

समोर वसंतराव गुडघ्यावर बसले होते. त्यांनी डोळा लावला, कडं फिरवलं, परत फिरवलं, आणि त्यांच्यातला ड्राफ्ट्समन जागा झाला. "पन्नासवर धार लय चांगली येते," ते पुटपुटले. "हलू नका."

चंद्रकलेनं ते ऐकलं. पन्नास म्हणजे तीच जुनी चौकट. कोणीतरी कापलं जाणार. सवयीनं तिनं आपला कोपर आत घेतला. मग तिच्या लक्षात आलं की आज आपण मधे आहोत.

"वसंता!" पलीकडच्या काठावरून खणखणीत आवाज आला. "मी येऊन राहिलो का फोटोत?"

"दादा, खांदा कटून राहिला थोडा."

"कटून राहिला?" शेजारच्या आवळ्यांखालची तीन कुटुंबं वळून पाहू लागली. "आख्खा माणूस उभा आहे इथं, अन् खांदा कटते म्हणजे काय? फिरव ना थे कडं! लेन्स आणली कायले मंग? शोभेले?"

"फिरवतो दादा, फिरवतो."

"मी आलो का पुरा? नीट पाह्य! मी आलो का?"

दहा वर्षं टोकाला उभं राहून चंद्रकलेनं जो प्रश्न गिळला होता, तो कडेला जाऊन अर्धं मिनिट झालं नाही तोच भासऱ्यांनी बगीचाभर ऐकवला होता. आणि लागलीच कडं फिरलंही होतं. तिला हसू आलं. दाबलं तसं जास्तच आलं. बाजूला पुष्पलताचं पोट हलायला लागलं, तो धक्का तिला बसला, आणि तिचं हसू सुटलंच. पदर खांद्यावर आला. तेवढ्यात कॅमेरा वाजला.

फोटो आले. जिजाबाईंनी चष्मा लावून पाहिलं. नथ होती. आणि थोरल्या सुनेपलीकडे धाकटी सून होती, डोक्यापासून चपलांपर्यंत, बत्तीसच्या बत्तीस दात दाखवत.

"हे का सुनेचं ध्यान?" त्या म्हणाल्या. "भासऱ्यासमोर पदर नाही, दात काढून राहिली. फाडून टाक थो फोटो."

उंबऱ्यात तीनदा खोकला आला. बाबनरावांनी फोटो आईच्या हातून घेतला. काठाला एक भरदार गृहस्थ उभा होता, दोन्ही खांद्यांसकट. त्यांनी बराच वेळ पाहिलं. फोटोतल्या धाकट्या सुनेकडे त्यांनी पाहिलं की नाही, कोणाला कळलं नाही.

"फोटो फाडायचा नाही," ते म्हणाले. "तारे, बाबाले सांग, याची मोठी कॉपी काढ. दोन काढ म्हणा. एक कोणाले उमरेडले पाठवायची असेल त्याहीले होईन."

कॉपी घेऊन चंद्रकला स्वतःच उमरेडला गेली. नत्थूजींनी ती दारातल्या उजेडात धरली आणि आधी बोट काठावर नेलं, जन्माच्या सवयीनं.

"हा गुटगुटीत कोण वं?"

"भासरे माहे."

"सुपारीवाले? थे तर काडी आहेत!"

"काठ ओढला गेला थोडा, बाबा."

नत्थूजींनी बोट हळूहळू आत सरकवलं. तारा, नथ, थोरली सून. मग ते थांबलं. त्यांनी फोटो डोळ्यांच्या अगदी जवळ नेला, मग लांब केला, परत जवळ आणला.

"हसून राहिली," ते म्हणाले. आणि फोटो हातात घेऊन खिळ्याखालचं स्टूल ओढायला गेले.